हनुसंधिवेदना

खालच्या जबड्याच्या सांध्यात, त्याला हालविणाऱ्या स्नायूंत किंवा या दोहोंत उद्भवणाऱ्या वेदनेस हनुसंधिवेदना म्हणतात. कानाच्या भोकापुढे दुखणे, चावताना किंवा जांभई देताना कळ येणे, जबडा हलविताना ‘कट्’ असा आवाज होणे व तोंड पुरेसे न उघडणे ही तिची मुख्य लक्षणे होत. प्राणघातक नसली, तरी ही व्याधी दिवसातून दोन-तीन वेळा, म्हणजे प्रत्येक जेवणाला, आपली आठवण करून देते. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, फुटाणे, हुरडा व भाजलेली कणसे हा ज्यांचा नित्याचा किंवा हंगामी आहार, त्या वऱ्हाडातील (अमरावती, अकोला व लगतचे जिल्हे) रुग्णाच्या दृष्टीने ‘काय खावे व कसे खावे’ हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो. याच भागात तोंड न उघडण्याचे दुसरे एक, अधिक गंभीर कारणही वारंवार आढळते. त्याचा विचार पुढे केला आहे.

रचना व कार्य : खालच्या जबड्याचे हाड (अधोहनू) नालाच्या आकाराचे असून त्याची दोन्ही टोके वर वळून कानापुढे शंखास्थीच्या खोबणीत बसतात. या टोकांवरील लंबगोल उंचवट्यांना अस्थिकंद म्हणतात. अस्थिकंद व खोबण यांच्या दरम्यान तंतुमय ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहाची) एक लवचिक चकती असते. सांध्याभोवती संपुट असून आतील कलेतून स्रवणाऱ्या द्रवामुळे घर्षण कमी होते. एकाच हाडाच्या दोन्ही टोकांना सांधे असल्यामुळे एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूस टाळता येत नाही. गुडघा दुखत असल्यास माणूस दुसऱ्या पायावर भार टाकून लंगडू शकतो. जबड्याला ही सोय नाही.

तोंड उघडण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या सु. २० ते २५ मिमी.पर्यंत अस्थिकंद बिजागरीप्रमाणे जागीच फिरतो. त्यानंतर तो चकतीसह पुढे व खाली घसरतो. साध्या बोलण्यात पहिला टप्पा पुरतो. मोठा घास, जांभई व दंतवैद्याची खुर्ची यांसाठी दुसरा लागतो. दुखऱ्या सांध्यास त्रास होतो तो बहुधा या घसरण्याच्या वेळी. लहान घासाचा सल्ला देण्यामागे हेच कारण आहे. प्रौढ व्यक्तीचे तोंड सामान्यतः ४० ते ५५ मिमी. उघडते. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका ही तीन बोटे उभी जुळवून पुढच्या दातांमध्ये मावली, तर तोंड ठीक उघडते असे ढोबळ मानाने समजतात.

जबडा मिटणारे स्नायू तीन : गालावरील चर्वणी स्नायू, कानशिलावरील शंखक स्नायू आणि जबड्याच्या आतील बाजूचा अंतर्पक्षाभ स्नायू. बाह्यपक्षाभ स्नायू अस्थिकंदाला पुढे ओढतो. दात घट्ट मिटून गालावर बोटे ठेवली असता चर्वणी स्नायू टणक झालेला हातास लागतो. सांधा व हे स्नायू या सर्वांच्या संवेदना त्रिमूल तंत्रिकेच्या (मज्जेच्या) शाखांतून मेंदूकडे जातात. दात, हिरड्या, कानाचा काही भाग व कपाळ यांच्या संवेदनाही याच तंत्रिकेतून जात असल्याने वेदनेचा उगम नेमका कोठे आहे, हे रुग्णास सांगता येत नाही. दाढ दुखते म्हणून निरोगी दाढ काढून घेणे किंवा कान दुखतो म्हणून कानात कोमट तेल ओतणे, हे प्रकार त्यामुळेच घडतात. दाढ जाते आणि वेदना राहते.

इतिहास : जबडा निखळणे व तो बसविणे यांचे उल्लेख फार जुने आहेत. ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसात निखळलेला जबडा अंगठे आत घालून बसविण्याची कृती दिली आहे. सुश्रुतसंहितेत हनुसंधी निखळल्यास शेक देऊन हाड जागी आणावे व पंचांगी नावाचा बंध बांधावा, असे सांगितले आहे. जबडा जखडण्याच्या विकारास आयुर्वेदात हनुग्रह अशी संज्ञा असून त्याची गणना वातविकारांत करतात.

आधुनिक काळात या वेदनेकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी. दाढा पडल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो व अस्थिकंद मागे सरकून तंत्रिकांवर दाब पडतो, अशी उपपत्ती त्यांनी १९३४ मध्ये मांडली. हा विकार बरीच वर्षे कॉस्टेन लक्षणसमूह या नावानेच ओळखला जात होता. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ती उपपत्ती पुढे अमान्य केली. परंतु ‘दातांची ठेवण सुधारली की वेदना जाईल’ ही समजूत मात्र टिकून राहिली आणि तिच्यापायी असंख्य लोकांचे निरोगी दात घासले गेले. १९६९ मध्ये डॅनिएल लास्किन यांनी स्नायूंचा थकवा व मानसिक ताण यांवर भर दिला. १९९२ मध्ये संशोधनासाठी व २०१४ मध्ये रुग्णोपचारासाठीही निदानाचे सर्वमान्य निकष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार स्नायूंची वेदना, सांध्याची वेदना, चकतीचे सरकणे व सांध्याची झीज हे प्रकार वेगळे ओळखले जातात. एकाच रुग्णात यांपैकी दोन-तीन एकत्र असणे हे नेहमीचेच आहे.

कारणे : बहुतेक रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. झोपेत दात करकर खाणे, जागेपणी नकळत दात आवळून धरणे, तोंड फार वेळ उघडे ठेवावे लागणे (उदा., अक्कलदाढ काढताना), हनुवटीवर मार बसणे, कडक पदार्थ दीर्घकाळ चावणे, सतत काहीतरी चघळत राहणे व मानसिक ताण ही प्रमुख कारणे होत. संधिवाताभ संधिशोथ व उतारवयातील अस्थिसंधिशोथ यांतही हा सांधा दुखू शकतो. विकार २० ते ४० वर्षे या वयात व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

विश्रांतीच्या स्थितीत वरचे व खालचे दात एकमेकांस टेकलेले नसतात. त्यांच्यात २ ते ४ मिमी. अंतर असते. चावणे व गिळणे यांपुरतेच ते एकत्र येतात आणि दिवसभरातील असा एकूण काळ अर्ध्या तासाहूनही कमी भरतो. ज्यास दात आवळण्याची सवय आहे, त्याच्या स्नायूंना मात्र तासन्‌तास विसावा मिळत नाही. ‘दातओठ खाणे’ हा मराठी वाक्प्रचार रागाचे जे चित्र उभे करतो, ते शरीरक्रियेच्या दृष्टीनेही यथार्थ आहे. पिकाच्या, कर्जाच्या किंवा परीक्षेच्या काळजीत असलेला माणूस राग न येताही हेच करीत असतो आणि सकाळी गाल जड वाटतात म्हणून वैद्याकडे येतो.

लक्षणे व निदान : वेदना बोथट व सतत असते, चावताना ती वाढते. स्नायूंची वेदना गाल व कानशिले यांवर पसरते, तर सांध्याची वेदना बोटाने दाखविता येईल इतकी कानापुढे नेमकी असते. चकती जागेवरून पुढे सरकली असल्यास तोंड उघडताना अस्थिकंद तिच्यावर चढतो व आवाज होतो. वेदना नसलेला नुसता आवाज पुष्कळ निरोगी माणसांतही आढळतो व त्यास उपचार लागत नाहीत. हे रुग्णास स्पष्टपणे सांगणे हाच पुष्कळदा निम्मा उपचार असतो. चकती अडकून बसल्यास आवाज एकाएकी बंद होतो आणि तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही. आवाज थांबला म्हणून आराम पडला असे रुग्णास वाटते, परंतु ते खरे नसते.

निदान मुख्यतः विचारपूस व हाताने तपासणी यांवरून होते. हाडाची झीज किंवा अस्थिभंग पाहण्यासाठी क्ष-किरण चित्र आणि चकतीची स्थिती पाहण्यासाठी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा (एमआरआय) घेतात. मात्र प्रत्येकास त्यांची गरज नसते.

वेदना जबड्यात असली, तरी मूळ अन्यत्र असू शकते. किडलेली दाढ, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची सूज, गालगुंड व कानातील पू ही साधी कारणे प्रथम पाहावीत. चालताना किंवा श्रम करताना जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूस, कळ येऊन विसाव्याने थांबत असेल, घाम व छातीवर दडपण असेल, तर ती हृदयविकाराची वेदना असण्याचा संभव असतो. अशा वेळी दंतवैद्याकडे न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच चावताना जबडा भरून येऊ लागला व कानशिलाची शीर दुखरी झाली, तर कानशिलाच्या रोहिणीच्या शोथाची शंका घ्यावी, कारण त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसू लागल्यास धनुर्वाताचा विचार सर्वांत आधी करावा लागतो [⟶ धनुर्वात].

वऱ्हाडातील विशेष प्रश्न : तोंड न उघडण्याची तक्रार घेऊन येणारा तरुण सांध्याचा रोगी असेलच, असे विदर्भात गृहीत धरता येत नाही. भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू व चुना एकत्र घोटून तयार केलेला खर्रा येथे सर्वत्र चघळला जातो (पश्चिम महाराष्ट्रात अशाच मिश्रणास मावा म्हणतात). सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊतक साठत जाते, अस्तर पांढुरके व ताठ होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. या रोगास अधःश्लेष्म तंतुमयता (सबम्यूकस फायब्रोसिस) म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत आढळलेल्या या विकाराचे वर्णन श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये केले. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी स्वतंत्र वर्णन करून आज रूढ असलेले नाव दिले. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगजनक ठरविले. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ या नेहमीच्या उत्तरात म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही.

सांध्याचा विकार व ही तंतुमयता यांत फरक करणे अवघड नाही. सांधा दुखतो, तंतुमयतेत वेदना बहुधा नसते, पण तोंडाची आग होते. हिरव्या मिरचीचा ठेचा ज्या प्रदेशात रोजच्या जेवणात असतो, तेथे वर्षानुवर्षे तिखट खाणाऱ्या माणसास एकाएकी साधी भाजीही झोंबू लागणे, हे या रोगाचे आरंभीचे व ठळक चिन्ह समजावे. पुढे गाल फुगविता येत नाही, शीळ घालता येत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, आणि गालाच्या आत बोट फिरविले असता दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. या टप्प्यावर पुरता तयार झालेला तंतू विरघळविणारे खात्रीचे औषध नाही. सुपारी पूर्ण सोडणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात देण्याची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) व शेवटी शस्त्रक्रिया एवढेच उपाय हाती राहतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास कर्करोगाची तपासणी करून घेणे अत्यावश्यक असते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्याच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली. पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोर घोटला जाणारा खर्रा मात्र त्यानंतरही मिळत राहिला. खर्रा तासन्‌तास चघळल्याने चर्वण स्नायूही थकतात, त्यामुळे एकाच रुग्णात दोन्ही विकार असू शकतात.

दुसरा प्रश्न मुलांचा. झाडावरून, बैलगाडीवरून किंवा ओसरीवरून पडून मुलाची हनुवटी फुटते. जखमेस टाके घातले जातात व प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटते. परंतु हनुवटीवरील आघात हाडातून थेट अस्थिकंदापर्यंत पोहोचतो. तेथे झालेला अस्थिभंग लक्षात आला नाही व दुखते म्हणून मूल तोंड हलवीनासे झाले, तर काही महिन्यांत सांध्यात हाड भरून तो कायमचा जखडू शकतो. कान फुटून पू सांध्यापर्यंत गेल्यासही असेच घडते. असे मूल पुढच्या दातांच्या फटीतून पातळ अन्न ओढून घेते, खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, दात स्वच्छ करता न आल्यामुळे किडतात आणि श्वासमार्ग अरुंद झाल्याने झोपेत घोरणे व श्वास अडकणे सुरू होते. जखडलेले हाड शस्त्रक्रियेने काढून सांधा मोकळा करता येतो. त्यानंतर अनेक महिने रोज तोंड उघडण्याचे व्यायाम केले नाहीत, तर तो पुन्हा जखडतो. म्हणून हनुवटी फुटलेल्या प्रत्येक मुलाचे कानापुढचे सांधे तपासणे आणि पहिली वेदना ओसरताच त्यास तोंड उघडण्यास लावणे महत्त्वाचे असते.

आहार : दुखऱ्या जबड्यास पूर्ण विश्रांती देता येत नाही व देऊही नये. केवळ पातळ पदार्थांवर राहिल्यास काही दिवसांतच वजन घटते, स्नायू दुर्बल होतात व सांधा ताठरतो. उद्दिष्ट एवढेच, की दोन ते तीन आठवडे चावण्याचा भार कमी करावा, परंतु अन्नाचा कस कमी होऊ देऊ नये. वऱ्हाडी स्वयंपाकात यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही.

ज्वारीच्या पिठात गव्हातील चिकट प्रथिन नसल्याने भाकरी ताणली जात नाही, ती तुटते. तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी त्यामुळे पोळीपेक्षाही जबड्यास सोपी जाते. थंड होताच तिच्यातील पिष्ठ घट्ट होऊन ती कडक व वातड होते, आणि मग एकेक घास चावण्यास कष्ट पडतात. घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर शेवटी बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला हीच गार भाकरी येते. या वेदनेचे प्रमाण स्त्रियांत अधिक असताना ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. जबडा दुखत असलेल्या व्यक्तीस, मग ती कोणीही असो, गरम भाकरी मिळावी हा येथील पथ्याचा पहिला नियम म्हणता येईल. गार भाकरी खाणे भागच असेल, तर ती बारीक कुस्करून गरम वरणात, दुधात किंवा ताकात दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावी. १९९० नंतर वऱ्हाडात सोयाबीन वाढले, ज्वारीचा पेरा घटला आणि पुष्कळ घरांत भाकरीची जागा पोळीने घेतली. पोळी मऊ असली, तरी ती चिवट असते व दातांनी ओढून तोडावी लागते. तीही वरणात कुस्करूनच खावी.

ज्वारी भरडून केलेल्या कण्या ताकात शिजवून घेतल्यास जवळजवळ चावाव्या लागत नाहीत. ज्वारीचे पीठ आंबट ताकात भिजवून केलेली आंबील, मुगाची मऊ खिचडी, गव्हाची लापशी, फुणके व कढी, पातोडीची रस्साभाजी, पातळ पिठले, भाजून ठेचलेल्या वांग्याचे भरीत, कण्या व तूरडाळ घालून घोटलेली अंबाडीची भाजी हे सर्व पदार्थ या काळात उत्तम. फुणके व पातोडी हे डाळीचे पदार्थ वाफवून किंवा शिजवून मऊ झालेले असल्याने प्रथिनेही मिळतात, आणि केवळ भात-दुधावर राहणाऱ्या रुग्णात जी उणीव राहते ती भरून निघते. चालत असल्यास अंडी, दही व ताजे पनीर घ्यावे. मांस खाणाऱ्यांनी खिमा किंवा नीट शिजलेला रस्सा घ्यावा. हाड दातांनी सोलू नये. मधुमेही व्यक्तीने मऊ म्हणून खीर, शिरा व लापशी यांवर भर देणे योग्य नव्हे. त्यास आंबील, वरण व भाज्या अधिक हितावह होत. सुपारीमुळे तोंडाची आगही होत असेल, तर ठेचा व फार गरम पदार्थ वर्ज्य करावेत. सांध्याच्या साध्या वेदनेत मात्र तिखटाचा काही अपाय नाही, आणि तिखट उगाच बंद केल्यास वऱ्हाडी रुग्ण जेवणच कमी करतो, असा धोका असतो.

वर्ज्य पदार्थ हंगामानुसार बदलतात. पावसाळ्यात भाजलेले कणीस, हिवाळ्यात हुरडा, ऊस व कच्चे हरभरे, वर्षभर फुटाणे, खारे शेंगदाणे व चिक्की. हुरडा कोवळा असला, तरी मूठ-मूठ बराच वेळ चघळला जातो व त्या दीर्घ चर्वणानेच स्नायू दुखतात. ऊस दातांनी सोलणे हे सांध्यावर एकदम व एकाच बाजूने मोठा ताण देणारे कृत्य आहे, रस प्यावा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे बाहेरून कडक व आतून दाट असतात. जेवणाला बसून ते टाळणे सामाजिक दृष्ट्या अवघड असल्यास तूप घालून वरणात पूर्ण चुरावेत. मोर्शी-वरूड भागातील संत्री खाताना फोडीवरील साल व धागे काढून गर तेवढा घ्यावा. पेरू, काकडी व गाजर दातांनी तोडू नयेत. गाजर, बीट शिजवून व काकडी किसून घ्यावी.

घास लहान असावा, दोन्ही बाजूंनी सावकाश चावावा आणि तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडावे लागू नये. जेवण दिवसातून दोनदा पोटभर घेण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे घेतल्यास स्नायू थकत नाहीत. वेदना उतरू लागली की प्रथम मऊ पोळी, नंतर गरम भाकरी, शेवटी भाजलेले दाणे अशा क्रमाने नेहमीच्या आहाराकडे यावे. आठवड्याभरात पूर्वीसारखे खाण्याची घाई केल्यास वेदना उलटते. कवळी ढिली असणाऱ्या वृद्धांत पथ्यापेक्षा कवळी दुरुस्त करणे अधिक उपयोगी पडते.

घरगुती उपचार : ‘ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला’ ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. दिवसातून अनेकदा तिची आठवण करून घेणे हा अत्यंत साधा व निर्धोक उपचार आहे. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. पालथे झोपणे, गालाखाली हात घेऊन झोपणे, मान व खांदा यांत दूरध्वनी दाबून धरणे आणि दातांनी सुपारी फोडणे किंवा दोरा तोडणे या सवयी सोडाव्यात.

मार लागला असल्यास पहिले एक-दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ, त्यानंतर व जुन्या वेदनेत गरम पाण्यात पिळलेल्या पंचाने दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा. अकोला व अमरावतीचे उन्हाळ्यातील तापमान ४५° से.च्या पुढे जाते. त्या दिवसांत शेक सकाळी लवकर घ्यावा व नको वाटल्यास आग्रह धरू नये. शेकानंतर बोटांनी गाल व कानशिले हलकेच चोळावीत. मग जिभेचे टोक टाळूला लावून, हनुवटी एका बाजूस न वळू देता, तोंड सावकाश उघडावे व मिटावे. असे पाच-सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा करावे. व्यायामाने वेदना वाढत असेल, तर तो थांबवून तज्ज्ञास दाखवावे.

वेदनाशामक औषधांपैकी पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. मात्र यकृताचा विकार असल्यास त्याचेही प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी शोथरोधी औषधे अधिक परिणामकारक असली, तरी जठरव्रण, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ती अपायकारक ठरू शकतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या भागांत, भूजल खारट असून मूत्रपिंडविकारांच्या तक्रारी बऱ्याच आढळतात. तेथील रुग्णाने, विशेषतः उन्हाळ्यात अंगातील पाणी कमी झालेले असताना, औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या परस्पर घेऊन दिवसेंदिवस खाणे धोक्याचे आहे.

वैद्यकीय उपचार : बहुसंख्य रुग्ण वरील उपायांनी काही आठवड्यांत बरे होतात. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास दातांवर बसणारी प्लॅस्टिकची पट्टी रात्री वापरण्यास देतात. तिने दातांची झीज थांबते. वेदना सर्वांचीच थांबते असे नाही. स्नायू शिथिल करणारी औषधे अल्प मुदतीसाठी, तर जुनाट वेदनेत ॲमिट्रिप्टिलीन अल्प मात्रेत देतात. ताण, निद्रानाश व खिन्नता यांकडे लक्ष न दिल्यास इतर उपचार अपुरे पडतात. सांधा अडकला असल्यास त्यात दोन सुया घालून द्रवाने तो धुऊन काढण्याची पद्धत १९९१ पासून रूढ झाली आहे. उघडी शस्त्रक्रिया सांधा जखडणे, अर्बुद किंवा अतिशय झीज अशा मोजक्याच रुग्णांत करतात. या बाबतीत सावधगिरीस कारण आहे. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम भाग अनेक रुग्णांत बसविण्यात आले. ते झिजून त्यांच्या कणांमुळे आसपासचे हाड खाल्ले गेले व १९९० च्या सुमारास ते मागे घ्यावे लागले. दात घासून ठेवण बदलण्यासारखे परत फिरविता न येणारे उपचार आरंभी करू नयेत, असा आजचा सर्वसाधारण दंडक आहे.

जांभईनंतर तोंड उघडेच राहून मिटेनासे झाले, तर अस्थिकंद उंचवट्याच्या पुढे निखळलेला असतो. घरच्यांनी जबडा ओढून पाहू नये किंवा गालावर चापट मारू नये. रुग्णास बसते ठेवून रुग्णालयात न्यावे. प्रशिक्षित व्यक्ती खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा प्रथम खाली व मग मागे ढकलून तो काही क्षणांत बसविते. जितका उशीर होतो, तितके स्नायू आवळले जाऊन काम अवघड होते.

अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना २००२) व त्याच्याशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय व तेथील खाजगी दंत महाविद्यालय येथे प्राथमिक तपासणी होऊ शकते. जखडलेला सांधा, अस्थिभंग किंवा तंतुमयता यांवरील मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात व रुग्णालयात (स्थापना १९६८) पाठविण्याचा मार्ग उपलब्ध असतो. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडणे, सूज किंवा ताप येणे, दातांची ठेवण एकाएकी बदलणे, गालात बधिरपणा येणे, तोंडातील व्रण न भरणे, अथवा तीन आठवडे पथ्य पाळूनही वेदना तशीच राहणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये.